चाळिशीत परदेशी शिक्षण: व्हिसा मिळेल, पण पुढे काय?

नोकरी लागली, संसार सुरू झाला आणि मास्टर्स राहून गेलं. आता चाळिशीत ऑस्ट्रेलियाला जाऊन ते करायचं तर वय आडवं येतं का?

तिथल्या स्टुडंट व्हिसाला (सबक्लास ५००) कमाल वयाची अट नाही. मात्र आपण खरोखर शिकायलाच येतोय, हे अर्जात पटवून द्यावं लागतं. हाच कोर्स का, आत्ताच्या नोकरीशी त्याचा संबंध काय, पुढे फायदा काय, याची उत्तरं नेमकी हवीत.

खरी मेख पुढे आहे. शिक्षण संपल्यावर तिथे काम करण्यासाठी बहुतेक जण सबक्लास ४८५ हा तात्पुरता व्हिसा घेतात. त्याची वयोमर्यादा १ जुलै २०२४ पासून ५० वरून ३५ वर आली. संशोधनावर आधारित मास्टर्स आणि पीएचडी करणाऱ्यांसाठी ती ५० च आहे.

वय मोजलं जातं या दुसऱ्या अर्जाच्या दिवशी. म्हणजे आज ३५ वर्षांचे असाल, तर दोन वर्षांचा कोर्स संपेपर्यंत ही संधी गेलेली असते.

त्यामुळे ‘तिथेच कमावून फेडू’ या भरवशावर घर तारण ठेवण्याआधी हा हिशेब करा. शिकून परतायचं असेल, तर वयाची अडचण नाही.