उपवासाचा हिशेब

महाशिवरात्रीच्या पर्वकाळी भाळी भस्म रेखून आपण शिवालयाची वाट धरतो. याच सुमारास, कधी थोडे आधी तर कधी थोडे नंतर, ख्रिस्ती बांधवही कपाळी राख लावून घेतात, हे थोड्यांच्याच ध्यानी असेल. गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेल्या फांद्या जाळून ही राख सिद्ध करतात. त्या ‘राखेच्या बुधवारा’पासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळता, चाळीस दिवसांचा त्यांचा उपवासकाळ असतो. वसईच्या मराठी भाषक ख्रिस्ती घरांतूनही तो पाळला जातो. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही त्याची तीन अंगे होत.

पहिली दोन आपणांस परिचितच आहेत. आमचे चित्त वेधले ते तिसऱ्याने. कारण तेथे दान उपवासाच्या पोटातूनच निघते. ही चाळीस दिवसांची प्रथा रूढ होण्यापूर्वी, दुसऱ्या शतकात, रोम नगरीतील हर्मास नामक ग्रंथकाराने उपवासाचा विधी सांगून ठेवला आहे. त्या दिवशी केवळ भाकर व पाणी घ्यावे, एरवी जे जेवलो असतो त्याचे मोल मोजावे आणि तेवढे द्रव्य विधवेस, अनाथास वा गरजूस द्यावे. केवढा रोकडा हिशेब हा! १९७५ साली अमेरिकेतील ॲलनटाउन येथे सुरू झालेल्या ‘राइस बोल’ उपक्रमात हाच विचार दिसतो. पुठ्ठ्याची एक छोटी पेटी घरातील जेवणाच्या मेजावर ठेवायची आणि साध्या जेवणाने वाचलेले पैसे तीत टाकायचे. त्यातील चतुर्थांश जवळच्या गरिबांसाठी राहतो, उरलेले परदेशांतील भुकेल्यांकडे जातात.

गीतेने दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहावयास सांगितले, ते आम्ही कीर्तनात आजवर कितीदा विवरून सांगितले असेल! परंतु हे दान ज्या पैशातून करावयाचे तो उपवासाने वाचतो तरी काय, हा प्रश्न आम्हांस साठी उलटेपर्यंत पडला नव्हता. गेल्या शिवरात्रीस रात्रीचे कीर्तन आटोपून घरी आलो आणि सौभाग्यवतींस वाणसामानाची वही काढावयास सांगितली. साबुदाणा, शेंगदाणे, वरई, राजगिऱ्याचे लाडू, रताळी, कवठ, गूळ आणि साजूक तूप! बेरीज नित्याच्या वरणभाताच्या दुपटीहून अधिक भरली. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आम्ही श्रोत्यांस हसविण्यासाठी योजीत आलो. त्या रात्री आम्हांस मात्र हसू आले नाही.

“अहो, वाचले तर काहीच नाही, उलट वरच गेले,” सौभाग्यवती म्हणाल्या. “मग आता द्यायचे काय?”

यंदा घरात उकडलेली रताळी आणि ताक एवढेच करावयाचे ठरले आहे. वरचे पैसे बाजूस काढून देव्हाऱ्याजवळच्या डब्यात टाकले आहेत. सौभाग्यवतींनी ते दोनदा मोजले. कवठाच्या चटणीविषयी मात्र आमच्यात अद्याप एकमत झालेले नाही.