जमिनीपासून दीड फूट

सांध्यांच्या दुखण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. सातारा-सांगलीकडे कोणी 'गुडघं धरल्यात' म्हणतं, कोणी 'हातपाय आखडल्यात' म्हणतं, आणि बाकीचे 'वात आहे' एवढ्यावर मोकळे होतात. आयुर्वेदाने या दुखण्यांत फार पूर्वी भेद केला आहे. चरकसंहितेत संधिगत वात आहे, वातरक्ताला स्वतंत्र अध्याय आहे, आणि आमवाताचे वेगळा रोग म्हणून वर्णन माधवनिदानात सापडते. बोलताना मात्र आपण सगळ्यांची एकच मोट बांधतो. त्यामुळे एकाच्या औषधाची शिफारस दुसऱ्याला होते आणि उपचाराची वेळ निघून जाते.

मी या दुखण्याबरोबर बावीस वर्षे राहते आहे. माहेर तासगाव तालुक्यातले, सासर साताऱ्यातले. मला आहे तो रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. आईला आणि मावशीला गुडघ्यांची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. दोन्ही प्रकार घरातच असल्याने तुलनेसाठी लांब जावे लागले नाही. पुढे नात्यातल्या आणि ओळखीच्या घरी गेले की मी पर्समधून मोजपट्टी काढू लागले. बैठक किती उंच, नळ कुठे, संडास कसा, हे मोजता मोजता जे ध्यानात आले ते या लेखात मांडते आहे.

दोन दुखणी, दोन वाटा

झिजेच्या दुखण्यात सांध्यातली कूर्चा पातळ होते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिची दुरुस्ती फार थोडी होते. सकाळी उठल्यावरचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो आणि दुखणे चालण्या-चढण्याबरोबर वाढते. रूमॅटॉइडमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची बोटे, मनगटे, पावले सुजतात. सकाळचा आखडलेपणा तास-दीड तास टिकतो आणि विश्रांतीने उलट वाढतो. हे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीने आढळते, तेही ऐन संसाराच्या वयात.

रूमॅटॉइडमध्ये लवकर औषध सुरू करण्याला पर्याय नाही. सांधा एकदा वाकडा झाला की गोळीने सरळ होत नाही. नेहमीचे औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोजच्या गोळ्यांच्या सवयीने कोणी ते रोज घेतले, तर जिवावर बेतू शकते. आमच्या घरी फ्रिजवर वार लिहिलेला कागद आहे आणि त्याची जबाबदारी नातवाकडे आहे.

'दोन दिवसांत गुण' देणाऱ्या पुड्यांविषयीही इथेच सांगते. 1948 साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी रूमॅटॉइडच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिझोन दिले. अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली, आणि 1950 साली हेंच यांना त्यासाठी नोबेल मिळाले. लवकरच हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, चेहरा सुजणे हे दुष्परिणामही दिसले. आजही डॉक्टर स्टेरॉइड देतात, पण मोजून आणि ठरावीक काळासाठी. नाव-गाव नसलेली पुडी तितकाच झटपट गुण देत असेल, तर तिच्यात तेच मिसळलेले असण्याचा संशय घ्यायलाच हवा.

सांगलीच्या माणसाला हळदीचा प्रश्न हटकून विचारला जातो. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान आहेच. पण हळदीतला कर्क्युमिन हा घटक वजनाच्या दोन ते पाच टक्के असतो आणि त्यातलाही फार थोडा अंगात शोषला जातो. रात्रीचे हळदीचे दूध जरूर प्यावे. त्याच्या भरवशावर गोळी बंद करू नये.

भिगवणची मोजणी

आपल्या भागाला सर्वांत जवळची शास्त्रीय मोजणी शेजारच्या पुणे जिल्ह्यात झाली. 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावात जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' पद्धतीने घरोघर पाहणी केली. 4,092 प्रौढांपैकी 18.2 टक्के लोकांनी हाडे, सांधे किंवा स्नायू दुखत असल्याचे सांगितले. त्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिस 5.8 टक्के आणि रूमॅटॉइड अर्धा टक्का निघाला.

या आकड्यांचा अर्थ असा की, दुखणाऱ्या तिघांपैकी साधारण एकाला झीज होती. उरलेल्यांत पुष्कळांचे दुखणे कुठल्याच ठळक संधिवातात बसणारे नव्हते. ती अंगमेहनतीची, वाकण्याची, ओझ्याची दुखणी असावीत असे मला वाटते. जावळी-पाटणकडे भाताच्या चिखलात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या, तासगावच्या बागेत हात वर धरून द्राक्षांची विरळणी करणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

गुडघा आणि जमीन

आपले घर जमिनीला धरून मांडलेले आहे. पाट, विळी, पाटा-वरवंटा, चूल, देवघर, पंगत, संडास, सगळेच गुडघा पूर्ण मोडून बसायला लावते. या बैठकीला दोष देण्याचे कारण नाही. निरोगी सांध्याला ती लवचीक ठेवते. जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी 1968 च्या सुमारास 'जयपूर फूट' घडवला, तेव्हा परदेशी कृत्रिम पाय घालून आपल्या माणसाला उकिडवे बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, शेतात अनवाणी चालता येत नाही, हीच अडचण त्यांच्यासमोर होती. त्यांनी पाय जमिनीला साजेसा केला. सांधा निकामी होतो तेव्हा मात्र उलटे करावे लागते, जमीन वर आणावी लागते. गुडघा बदलल्यावरही बहुतेक डॉक्टर मांडी घालू नका, उकिडवे बसू नका असे बजावतात. म्हणजे शस्त्रक्रियेनेही हा प्रश्न सुटत नाही.

किती वर आणायची? उभे राहून गुडघ्याच्या मागच्या घडीपासून टाचेपर्यंतचे अंतर मोजावे. आपल्याकडच्या बायकांत ते पंधरा-सोळा इंच भरते. दुखऱ्या गुडघ्याला बैठक त्याहून दोन-तीन इंच उंच हवी. म्हणजे जमिनीपासून दीड फूट. मऊ, खोल सोफा दिसायला उंच असतो, पण बसले की खाली जातो. त्यापेक्षा हातांची सरळ लाकडी खुर्ची बरी, कारण उठताना हातावर भार देता येतो. कॉटच्या पायांखाली सुताराकडून खाच पाडलेले ठोकळे बसवून घेतले की कॉटही तेवढी उंच होते. कमोडवर चार-सहा इंच उंचीचे बसके मिळते. कमोड नसेल तर मधे भोक असलेली लोखंडी खुर्ची कुठलाही फॅब्रिकेटर वेल्डिंग करून देतो. तिच्या पायांना रबरी टोप्या मात्र हव्यातच.

संडासाचा विषय दिवाळी अंकात येत नाही, पण तो टाळून हा लेख पुरा होणार नाही. लग्नाला निघालेल्या कितीतरी बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण कार्यालयात खाली बसायचा संडास असतो आणि बसले तर उठवायला कोण येणार, ही धास्ती असते. माझ्या मावशीने याच भीतीने आधी लग्ने सोडली, मग जत्रा, शेवटी गावातले हळदीकुंकूही. तिचा गुडघा तिला तेवढे चालू देत होता. तिला घरात बसवले ते बैठकीच्या उंचीने.

मुठीत न मावणारी कामे

रूमॅटॉइडमध्ये गुडघ्यापेक्षा हात आधी जातात. आमच्याकडे ज्वारीची भाकरी थापणे म्हणजे मनगट आणि तळव्याची कसोटी. मी आता पिठाची उकड काढते, परात ओट्यावर ठेवते आणि भाकरी प्लास्टिकच्या कागदात लाटते. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तिला 'चपातीची बहीण' म्हटले. तव्यावर फुगल्यावर मुकाट्याने दुसरी मागितली.

यामागचे तत्त्व सोपे आहे: लहान सांध्याचे काम मोठ्या सांध्याला द्यायचे. पिशवी बोटांत न धरता कोपरात अडकवावी. दार तळव्याने नव्हे, खांद्याने ढकलावे. पातेले सांडशीने उचलू नये. दोन कानांचे भांडे घेऊन दोन्ही हातांनी धरावे. बादली भरून उचलण्याऐवजी स्टुलावर ठेवून नळीने भरावी. गोल नळ बदलून दांडीचा बसवला की तो मनगटानेही उघडतो. ब्लाउजच्या हुकांच्या जागी शिंपी वेलक्रो लावून देतो. विळीऐवजी ओट्याला घट्ट बसणारी विळी किंवा जाड मुठीची सुरी घ्यावी.

जाड मूठ ही या सगळ्या साधनांतली सर्वांत स्वस्त युक्ती. मूठ बारीक असेल तेवढी ती जास्त आवळावी लागते आणि सुजलेले पेर ठणकते. अमेरिकेत सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे सालकाढणे धरवेना. त्यातून 1990 साली जाड, मऊ रबरी मुठीची स्वयंपाकाची हत्यारे बाजारात आली आणि धडधाकट माणसांनीही ती उचलली. आपल्याला तेवढी वाट पाहायला नको. एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळतो. चमचा, पेन, दात घासायचा ब्रश, सगळ्यांवर तो बसतो. सायकलची रबरी मूठ उलथन्याला चालते.

काठीविषयी दोनच गोष्टी, पण बहुतेक ठिकाणी त्या चुकीच्या आढळल्या. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. आणि चपला घालून, हात सरळ सोडून उभे राहिल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत तिची मूठ यायला हवी. उसनी काठी उंच असते, मग खांदा दुखतो आणि काठी कोपऱ्यात जाते. वजनाचाही एक हिशोब आहे: 2005 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, अंगावरचे एक किलो वजन घटले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे दिसले.

मदत कुठे, कशी

सांधेदुखीवर मदत मिळते, पण ती विखुरलेली आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 साली सुरू झाली. कमी उत्पन्नाच्या, साठीपुढच्या लोकांना कानपूरच्या 'अलिम्को' या सरकारी कंपनीमार्फत काठी, वॉकर, व्हीलचेअर आणि पुढे गुडघ्याचा पट्टा, कमोड खुर्ची अशी साधने तपासणी शिबिरांतून दिली जातात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 ची. वय 65 पुरे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर साधनांसाठी एकदा 3,000 रुपये खात्यात जमा होतात.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर तीन गोष्टी माहीत असाव्यात. गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची किंमत तेव्हा करांखेरीज 54,720 रुपये ठरली. रुग्णालयाचा खर्च त्यात धरलेला नाही. दुसरी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती आपल्या शस्त्रक्रियेला कुठे लागू होते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारावे. तिसरी फार थोड्यांना ठाऊक असते. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 41 कक नुसार धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली त्याची योजना लावून दिली. उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवून, 'तुमचे रुग्णालय धर्मादाय आहे का?' असे विचारण्यात कमीपणा नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभे केले तेही धर्मादाय भावनेनेच. त्यातूनच मिरजेची वैद्यकनगरी वाढली आणि कर्नाटकातूनही रुग्ण इथे येऊ लागले.

याखेरीज गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे असतात. कुठे जनकल्याण समिती, कुठे लायन्स किंवा रोटरी क्लब, कुठे ज्येष्ठ नागरिक संघ ती चालवतो. अनामत ठेवून कॉट, वॉकर, कमोड खुर्ची नाममात्र भाड्याने मिळते आणि काम झाल्यावर परत जाते. ही पद्धत मला वाटपाच्या मेळाव्यापेक्षा बरी वाटते. मेळाव्यात हार, भाषण, फोटो सगळे होते. मोजमाप राहून जाते. एका मेळाव्यात मावशीच्या हाती पडलेली काठी तिच्या कमरेच्या वर येत होती. शेवटी तिचा उपयोग वाळवणावरचे कावळे हाकायला झाला. साधन देणाऱ्या संस्थांना माझे एकच सांगणे आहे: दहा साधने कमी द्या, पण द्यायला फिजिओथेरपिस्ट बसवा आणि महिन्याने एकदा विचारा, वापरताय का?

बहुतेकदा उत्तर 'नाही' असते, आणि कारण पैशांचे नसते. काठी धरली की म्हातारपण चव्हाट्यावर येते. खुर्चीवर बसून पूजा केली तर 'देवापेक्षा उंच बसली' असे कोणी म्हणेल, पंगतीत टेबल मागितले तर मिजास वाटेल. ही लाज रुग्ण एकट्याने झटकू शकत नाही, ती घराने झटकायची असते. आमच्या देवघराला सुताराने अडीच फुटांची चौकट दिली. देव वर गेले आणि मी खुर्चीवर बसून फुले वाहू लागले.

हा अंक हाती येईल तेव्हा घरोघर पाहुणे असतील. अभ्यंगस्नानाला मोरीत पाटाऐवजी प्लास्टिकचे उंच स्टूल ठेवा, त्याखाली रबरी जाळी अंथरा. फराळाची एक बैठक टेबलावर मांडा. भाऊबीजेला भावाला पाटावर न बसवता खुर्चीवर बसवा आणि शेजारी दुसरी खुर्ची ओवाळणारीसाठी ठेवा. तबक छातीशी येईल एवढे तिपाई उंच असावे. दोघांची साठी उलटली असेल, तर ते आपणहून कधीच मागणार नाहीत. म्हणून आदल्या रात्रीच मांडून ठेवा.