हिमातील माग आणि प्राण्यांची गणती

कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून, बो नदीच्या खोऱ्याने, ट्रान्स-कॅनडा महामार्ग जातो. लांडगा, प्यूमा, लिंक्स, एल्क इत्यादी प्राण्यांची ये-जाही त्याच खोऱ्यातून होते. वाहनांशी होणारे त्यांचे अपघात टळावेत म्हणून तेथे महामार्गाला २.४ मीटर उंचीचे कुंपण घालून प्राण्यांसाठी ६ पूल व ३८ भुयारी मार्ग बांधण्यात आले. असा पूल कोठे बांधावा हे ठरविण्यासाठी प्राणी रस्ता कोठे ओलांडू पाहतात ते आधी कळावे लागते. डोंगरी महामार्गालगत हिवाळ्यात करावयाच्या मागांच्या पाहणीचे प्रयोजन हेच होय.

हिमवर्षावाने जुने ठसे बुजतात. तो थांबल्यावर साधारणतः एक ते तीन दिवसांनी निरीक्षक आखलेल्या रेषेवरून चालत जातो आणि प्रत्येक मागाचे स्थान, दिशा, ठशाचे माप व पावलांमधील अंतर नोंदवितो. लांडग्याच्या ठशात नखांच्या खुणा सामान्यतः उमटतात. लिंक्स नखे आत ओढून चालत असल्याने त्याच्या ठशात त्या बहुधा नसतात. सशाच्या उडीत मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. माग रस्त्यापर्यंत पाहत गेल्यास प्राणी पलीकडे गेला, परतला, की कडेकडेने चालत राहिला, हेही उमगते.

परंतु मागांची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नव्हे. भाषाभ्यासकास हा भेद परिचित आहे: ग्रंथात एकच शब्द वीस वेळा आला म्हणजे वीस शब्द झाले असे आपण म्हणत नाही. रशियन प्राणिशास्त्रज्ञ फोर्मोझोव्ह यांनी १९३२ साली सुचविलेल्या व पुढे इतरांनी सुधारलेल्या सूत्रात म्हणूनच प्राण्याची दैनंदिन चाल विचारात घेतलेली आहे. एका अहोरात्रात रेषा छेदणाऱ्या मागांच्या संख्येस रेषेची लांबी व दैनंदिन चाल यांच्या गुणाकाराने भागून १.५७ ने गुणावयाचे. समजा, १० किलोमीटरच्या रेषेवर २० माग आढळले. चाल ५ किलोमीटर असल्यास दर चौरस किलोमीटरला सुमारे ०.६३ प्राणी येतात; चाल १० किलोमीटर असल्यास त्याच मागांवरून ०.३१.

प्राणी कोणत्याही दिशेने सारख्याच संभवाने चालतो, हे ह्या सूत्राचे गृहीत आहे. महामार्गालगत नेमके तेच ढळते. रस्त्याला बिचकणारा प्राणी त्याला समांतर जातो आणि रस्त्यालगतची रेषा छेदतच नाही. शीतनिद्रेत असलेल्या अस्वलाचा तर मागच उमटत नाही. म्हणून ‘माग नाही’ ह्या नोंदीचा ‘प्राणी नाही’ असा अर्थ लावणे धोक्याचे आहे. माग नाहीत तेथे पूल नको असे ठरविले, तर ज्यांची वाट रस्त्याने सर्वाधिक तोडली तेच प्राणी गणतीतून वगळले जातील.

ह्यावर उपाय म्हणजे रस्त्यापासून दूरच्या रेषांवरील मागांशी तुलना करणे व इतर ऋतूंतील नोंदी जोडून पाहणे. बॅन्फ येथील पूल व भुयारी मार्गांवर प्रथम ठशांच्या व नंतर कॅमेऱ्यांच्या साह्याने १९९६ पासून ज्या नोंदी घेतल्या गेल्या, त्यांचे महत्त्व ह्यातच आहे.