"फुकट शिकवते, मंग तो मास्तर खाते काय?"

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी घरी जाहीर केले की, मी आता संगणकाची भाषा शिकणार, आणि तीही एक पैसा न देता. बाबा इतवारीतल्या कापडाच्या दुकानातून नुकतेच आले होते. कूलरसमोर बसून त्यांनी पेलाभर पाणी संपवले आणि विचारले, "फुकट शिकवते म्हंते, मंग तो मास्तर खाते काय?"

त्यांच्या संशयाला कारण होते. त्याच्या आदल्या वर्षी मी एका खाजगी क्लासात सहा हजार रुपये भरले होते. क्लासचे नाव सांगत नाही. तिथे तीन महिने आम्ही फळ्यावरचे वहीत उतरवले, संगणकाला हात लागला तो जेमतेम चार-पाच वेळा, आणि अखेरीस सोनेरी किनारीचे एक प्रमाणपत्र मिळाले. ते आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवले आहे. त्यात लिहिलेले मला काहीही येत नाही, हे आम्हा दोघींनाच ठाऊक होते. आता ते आपणा सर्वांनाही ठाऊक झाले!

पण बाबांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. मास्तर खातो काय, हे कळल्याशिवाय फुकट म्हणजे नक्की काय, हेही कळत नाही.

आपल्या देशापुरते उत्तर सोपे आहे. 2003 साली सात आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी एन.पी.टी.ई.एल. नावाचा प्रकल्प हाती घेतला. प्राध्यापकांची व्याख्याने चित्रित करावयाची आणि ती सर्वांना खुली करावयाची, हा मूळ हेतू. 2014 पासून त्याला ठराविक आठवड्यांचे अभ्यासक्रम, दर आठवड्याचे स्वाध्याय आणि परीक्षा यांची जोड मिळाली. पुढे 9 जुलै 2017 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'स्वयम्' सुरू झाले, आणि एन.पी.टी.ई.एल.चे अभ्यासक्रम त्याच दारातून मिळू लागले. यातला मास्तर सरकारी पगार खातो. म्हणजे बाबा साबणाची वडी घेताना जो कर देतात, त्यातला कणभर भाग त्याच्या ताटात पडतो. नाव नोंदवणे, व्याख्याने पाहणे, स्वाध्याय सोडवणे हे सारे मोफत. प्रमाणपत्र हवे असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, आणि तिची फी सर्वसाधारण विद्यार्थ्याला हजार रुपये पडते. आपल्या नागपुरातही केंद्र असते.

परदेशी संस्थांचा हिशेब निराळा. 2012 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अँड्र्यू एन्ग आणि डॅफ्नी कोलर या दोन प्राध्यापकांनी कोर्सेरा काढली. त्याच वर्षी हार्वर्ड आणि एम.आय.टी. यांनी मिळून एडएक्स सुरू केले. त्या वेळी जगभर असा गाजावाजा झाला की, आता विद्यापीठांना कुलुपे लागणार. कुलुपे काही लागली नाहीत. उलट 2015 च्या अखेरीस एडएक्सने मोफत प्रमाणपत्र देणे बंद केले, आणि 2021 साली एडएक्सच एका खाजगी कंपनीला विकले गेले. तिथले मास्तर प्रमाणपत्राच्या विक्रीवर जेवतात, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. अपवादही आहेत. डेव्हिड मॅलन यांचा हार्वर्डचा 'सी.एस. फिफ्टी' हा प्रारंभिक अभ्यासक्रम आजही विनामूल्य शिकता येतो.

असो. मास्तरांच्या जेवणाचा उलगडा झाला. माझा अभ्यास व्हावयाचा होता. जुलैत मी 'द जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन' या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. आय.आय.टी. रोपडचे सुदर्शन अय्यंगार सर गोष्टी सांगितल्यासारखे शिकवतात. पहिला आठवडा मी आनंदात पाहिला. होय, पाहिला! पलंगावर पडून, सिनेमा पाहावा तसा. दुसऱ्या आठवड्यात स्वाध्याय अंदाजाने सोडवला, तिसऱ्यात मैत्रिणीचा उतरवला, चौथ्यात मुदत उलटून गेल्यावर आठवण झाली. मग मी तिकडे फिरकलेच नाही. पुढे वाचनात आले की, अशा अभ्यासक्रमांना नाव घालणाऱ्यांपैकी शंभरातले दहाजणसुद्धा सहसा शेवटपर्यंत पोहोचत नाहीत. वाचून जरा बरे वाटले, हे कबूल करते.

मला सावरले ते आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ने. माहिती व संपर्क तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण देण्याचे राष्ट्रीय अभियान केंद्र सरकारने 2009 साली सुरू केले होते. त्याच्या साहाय्यातून रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी हा प्रकल्प उभा केला. इथे मास्तरांचा चेहरा दिसतच नाही. दिसतो तो संगणकाचा पडदा, आणि कानावर येतो आवाज, तोही मराठी! "आता या बटणावर क्लिक करा" असे तो म्हणतो, आणि आपण खरोखरच क्लिक करावयाचे असते. एक धडा साधारण दहा मिनिटांचा. पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष काम. थांबवा, करून पाहा, पुढे जा. धड्याची संहिता त्या विषयातल्या नवख्या माणसाकडून तपासून घेतली जाते. त्याला जमले नाही तर चूक संहितेची! क्लासात मला कोणी असे म्हटले असते तर?

यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. आवाज मराठी केला, पण पडदा इंग्रजीच ठेवला. कारण उद्या मिहानमधल्या एखाद्या कंपनीत बसलो तर समोरचा पडदा इंग्रजीच असणार. समजून घेण्यापुरती मातृभाषा, हाताला सवय मात्र बाजारातल्या भाषेची. सगळे विषय मराठीत मिळत नाहीत, ही उणीव आहेच. मी दिवाळीच्या सुटीत लिनक्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क यांचे धडे केले. कॅल्कमध्ये बाबांच्या उधारीच्या वहीची बेरीज करून दाखवली, तेव्हा ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुसरी वही घेऊन आले.

जानेवारीत मी पुन्हा त्याच पायथनला बसले, या वेळी टेबलाशी. बारा स्वाध्यायांपैकी उत्तम आठ धरतात, त्यांना पंचवीस गुण, परीक्षेला पंचाहत्तर. एखाददुसरा आठवडा हुकला तरी जीव जात नाही, हे मला आधीच्या खेपेला माहीत असते तर!

आणि इथेच मराठीची विद्यार्थिनी असण्याचा मला उपयोग झाला. शब्दातली अक्षरे मोजण्याची आज्ञा शिकल्यावर मी हौसेने 'विद्यार्थिनी' हा शब्द घातला. चार अक्षरांचा शब्द. संगणक म्हणाला, बारा! 'नागपूर' घातले, म्हणाला, सहा. मी चूक शोधत तासभर बसले. चूक नव्हतीच. युनिकोड या जागतिक संकेतात आपल्या व्यंजनाला एक क्रमांक, मात्रेला वेगळा क्रमांक, आणि जोडाक्षर करणाऱ्या हलन्तालाही वेगळा क्रमांक असतो. 'द्या' हे आपल्यासाठी एक अक्षर. संगणकासाठी द, हलन्त, य आणि काना असे चार. शाळेत बाईंनी जोडाक्षराची फोड करावयास लावली होती, तेच संगणक करत होता. ही अडचण इंग्रजी शब्द मोजणाऱ्याला येतच नाही, म्हणून मी पाहिलेल्या एकाही व्याख्यानात तिचा उल्लेख नव्हता. अक्षरगणवृत्त ओळखणारा प्रोग्राम लिहावयाचा झाला तर तो लिहिणाऱ्याला पायथनही यावे लागेल आणि लघु-गुरूही. आमच्या वर्गात लघु-गुरू येणारे बरेच आहेत.

एप्रिलच्या परीक्षेत मला एकसष्ट गुण मिळाले. फीचे हजार रुपये बाबांनीच दिले आणि देताना म्हणाले, "हे घे मास्तरच्या जेवनाचे."

एक सूचना. 2021 च्या नियमानुसार 'स्वयम्'वरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक एका सत्रात चाळीस टक्क्यांपर्यंत आपल्या पदवीत धरता येतात. पण कोणता अभ्यासक्रम चालेल हे महाविद्यालय ठरवते. तेव्हा नाव घालण्यापूर्वी विभागप्रमुखांना विचारावे. मी नंतर विचारले, त्यामुळे माझे श्रेयांक बुडाले. नवे अभ्यासक्रम जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. आम्ही पाचजणी दर शनिवारी ग्रंथालयाच्या मागच्या टेबलावर बसतो. लॅपटॉप दोनच आहेत, ते पाळीपाळीने वापरतो. हेडफोन मात्र ज्याचा त्याने आणावा.