‘गस्टी’ म्हणजे सोसाट्याचा

मे महिन्यात सोलापूरकरांच्या मोबाइलवर हवामान खात्याचा इशारा येतो: ‘गस्टी विंड्स’, ताशी 30 ते 40 किलोमीटर. ‘गस्टी’ म्हणजे नुसता जोराचा वारा नव्हे. काही सेकंद झपाट्याने येणारा आणि लगेच ओसरणारा. आपला ‘सोसाट्याचा’ इथे चपखल बसतो. जोर निदान मिनिटभर टिकला, तर तो ‘स्क्वॉल’.

असा वारा येतो कुठून? वळवाच्या ढगातला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच बराचसा वाफ होऊन जातो. त्याने हवा गार, जड होऊन खाली आदळते, चहूकडे पसरते. म्हणून थेंबाआधी धूळ येते आणि दोरीवरची चादर शेजारच्या गच्चीवर सापडते. पत्रा मात्र सरासरी वेगाने नाही, एकाच झोताने उडतो; वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.