थ्रॉटलचे खरे शून्य

मोटारीचा चालक ॲक्सिलरेटरवर पाय दाबतो तेव्हा तो इंजिनात अधिक पेट्रोल सोडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पेट्रोलच्या इंजिनात त्याच्या पायाने मोकळी होते ती हवेची वाट. इंजिनाकडे हवा नेणाऱ्या मार्गात धातूची एक वाटोळी चकती दांड्यावर बसविलेली असते. हीच थ्रॉटलची झडप होय. पाय दाबला की चकती फिरते आणि हवा आत शिरते. त्या हवेस पेट्रोल किती द्यावयाचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

कार्बोरेटरच्या काळी हे काम हवेच्या ओढीवरच सोपविलेले असे. 1967 मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी फोक्सवागन 1600 या मोटारीत आली, आणि पुढे पेट्रोलचे माप ठरविण्याचे काम हळूहळू संगणकाकडे गेले. भारतात 1 एप्रिल 2020 रोजी भारत स्टेज 6 हे प्रदूषणविषयक नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींनीही कार्बोरेटरचा निरोप घेतला.

परंतु संगणकाला डोळे नसतात. झडप मिटलेली आहे की उघडत आहे, आणि उघडत असल्यास किती वेगाने, हे त्याला कोणीतरी कळवावे लागते. हे काम झडपेच्या दांड्याशी जोडलेला एक लहानसा संवेदक करतो. त्याची रचना जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या खुंटीसारखी असते. त्यास तीन तारा असतात. एकीतून सुमारे 5 व्होल्टचा दाब येतो, दुसरी भूमीशी जोडलेली असते, आणि तिसरी संगणकाकडे जाते. आतील रोधक पट्टीवरून एक सरकता स्पर्शक फिरतो. झडप मिटलेली असताना तिसऱ्या तारेवर साधारणतः अर्ध्या ते एक व्होल्टच्या दरम्यान दाब असतो. झडप पूर्ण उघडली की तो 4 व्होल्टच्या वर जातो.

रेडिओची खुंटी झिजली की खरखर ऐकू येते. संवेदकाची पट्टी झिजली तर इंजिन अडखळते. चालकाचा पाय ज्या थोड्या अंतरात नेहमी खालीवर होतो, तेथेच पट्टी अधिक झिजते. पुढील मालमोटारीस ओलांडीत असता नेमक्या त्याच क्षणी गाडीने आचका दिला, तर चार आण्यांच्या पट्टीएवढा हा दोष जिवावर बेतू शकतो.

तथापि फुटलेली हवेची नळी, मळलेली झडप किंवा सैल जोडणी यांमुळेही गाडी अशीच वागते. म्हणून कुशल कारागीर संवेदक बदलण्यापूर्वी तो मापून पाहतो. किल्ली फिरवून, पण इंजिन सुरू न करता, तो मापकाची एक टोचणी संवेदकाच्या भूमीच्या तारेस आणि दुसरी संदेशाच्या तारेस लावतो. मग हाताने झडप सावकाश उघडतो. आकडा सलग चढत गेला तर संवेदक बहुधा निर्दोष असतो. मध्येच तो कोसळला किंवा उडी मारून गेला तर तो बदलावा.

नवा संवेदक बसविताना प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवितात. मग जोडणी काढून स्क्रू ढिले करतात, आणि नव्या संवेदकाचा फिरता भाग झडपेच्या दांड्याशी नीट जुळल्याची खात्री करून घेतात. काही गाड्यांत काम येथेच संपते. जेथे संवेदकाची भोके लांबट असतात, तेथे मात्र जुळणीचे काम उरते.

अमेरिकेतील 1987 ते 1990 या काळातील 4 लिटर इंजिनाची जीप चेरोकी हे याचे चांगले उदाहरण होय. हस्तचलित गिअरच्या या गाडीत झडप मिटलेली असता संदेशाचा दाब हा येणाऱ्या दाबाच्या 17 टक्के असावा, असा दंडक होता. समजा, येणारा दाब 4.80 व्होल्ट आहे; तर संदेश सुमारे 0.82 व्होल्ट हवा. स्क्रू किंचित ढिले ठेवून संवेदक हा आकडा येईपर्यंत फिरवितात, स्क्रू आवळतात आणि पुन्हा मापतात, कारण आवळतानाही तो थोडा सरकतो. येणारा दाब थोडाफार बदलला तरी गुणोत्तर ढळत नाही. म्हणून येथे नुसत्या व्होल्टपेक्षा टक्केवारीस महत्त्व आहे.

हा आकडा जमविण्यासाठी झडपेच्या अटकावाचा स्क्रू फिरविणे हा मात्र अनिष्ट उपाय होय. त्याने झडपच किंचित उघडी राहते, आणि संवेदकास जुळवून घेण्याऐवजी इंजिनाचीच स्थिती बिघडते.

त्यानंतरच्या अनेक गाड्यांत ही जुळणी हाताने करावी लागत नाही. मिटलेल्या झडपेचा दाब संगणक स्वतःच ध्यानात ठेवतो. ज्या गाड्यांत झडप विद्युत्-मोटरने फिरते, तेथे एकमेकांची पडताळणी करणारे दोन संवेदक असतात, आणि बहुधा झडपेचा सारा जोडच बदलावा लागतो. अशा झडपेत, किल्ली चालू असता, बोट घालू नये. ती एकाएकी मिटू शकते. नवा जोड बसविल्यावर, निर्मात्याने सांगितलेल्या रीतीने, झडप कोठे मिटते हे संगणकास पुन्हा शिकवावे लागते. हातांनी असो वा यंत्राने, शून्य कोठे आहे हे आधी निश्चित केल्यावाचून पुढील कोणतेच माप खरे ठरत नाही.