पट्टा तुटायच्या आधी : स्कुबाचा धडा, फवारणी पंपाचा बेल्ट आणि गावातला एक छोटा धंदा



दारव्ह्याला कार्यशाळा संपली, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, तेव्हा एक ताई थांबल्या. घरी शिलाई मशीन, शाळेची दप्तरं शिवतात. म्हणाल्या, "सर, माझा मावसभाऊ मालवणला स्कुबावाल्यांकडे कामाला आहे. त्यांचे पाठीवरचे पट्टे लवकर झिजतात म्हणतो. मी शिवून पाठवले तर चालतील का?"

प्रश्न ऐकून आजूबाजूचे हसले. मी नाही हसलो. ताईंनी धंद्यातली पहिली गोष्ट बरोबर पकडली होती : जिथे काही झिजतं, तिथे गिऱ्हाईक असतं. फक्त त्या बघत होत्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि झिजणारा पट्टा होता त्यांच्या स्वतःच्या गोठ्यात, खुंटीला टांगलेला.

आधी स्कुबाचं समजून घेऊ, कारण तिथे शिकण्यासारखं खूप आहे.

समुद्रातला पट्टा का झिजतो?

मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. डायव्हरच्या पाठीवर हवेचं सिलिंडर असतं. ते धरून ठेवणारा पट्टा साधारण दोन इंच रुंद, जाड नायलॉनचा. त्याला चार शत्रू. पहिला मीठ : पाणी वाळलं की मिठाचे कण विणीत अडकतात आणि आतून धागे कापतात. दुसरी वाळू, तीही तेच करते. तिसरं ऊन : नायलॉन उन्हात कडक आणि कमजोर होतं. चौथा शत्रू सगळ्यात मोठा, तो म्हणजे धातूची धारदार कड. पट्टा जिथे बकलमधून किंवा पाठीच्या पत्र्याच्या खाचेतून वळतो, तिथेच तो आधी जातो.

म्हणून जाणकार डायव्हर तीन गोष्टी करतात. पट्टा गोड्या पाण्याने धुतात आणि सावलीत वाळवतात. पत्र्याची कड घासून गुळगुळीत करतात. आणि पुष्कळजण एकच अखंड पट्टा ओवतात. मध्ये शिलाई नाही, त्यामुळे शिलाई उसवायचा प्रश्नच नाही. झिजला की जुना ओढून काढायचा, नवा ओवायचा.

हे तिन्ही धडे आता यवतमाळात आणू.

आपल्या खांद्यावर किती वजन असतं?

फवारणी पंपाची टाकी बहुतेक १६ लिटरची. म्हणजे १६ किलो नुसतं पाणी, वर पंपाचं स्वतःचं वजन. साधारण वीस किलोचा बोजा घेऊन माणूस पऱ्हाटीच्या तासातून दिवसभर चालतो, आणि तो बोजा दोन पट्ट्यांवर लटकलेला असतो. हे पट्टे बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात. स्वस्त, हलके, पाणी न पिणारे. पण उन्हाला फार कच्चे. उन्हात राहिलेला पट्टा नखाने खरवडून बघा, पांढरी भुकटी निघाली तर समजा त्याचं आयुष्य संपत आलं.

एक पट्टा अचानक तुटला तर काय होतं? टाकी एका बाजूला झुकते, झाकणातून औषध पाठीवर येतं. माणूस सावरायला जातो, नळी ओढली जाते. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्याचं कारण पट्टे होते असं मी अजिबात म्हणत नाही. पण औषध अंगावर येण्याची एक वाट जरी आपण बंद करू शकलो, तरी ते काम करण्यासारखं आहे. म्हणून हा धंदा छोटा असला तरी हलका नाही.

पट्टा टिकवायचा कसा?

गिऱ्हाइकाला हे पाच मुद्दे सांगा. सांगणारा कारागीर लोकांच्या लक्षात राहतो.

१. फवारणी झाली की पट्टाही धुवा. हातमोजे घालून, साबणाच्या पाण्याने, घरच्या कपड्यांपासून वेगळा. ते पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात सोडू नका.

२. सावलीत वाळवा. पंप अंगणात उन्हात ठेवू नका.

३. खालचा हुक आणि बकलची कड बोटाने तपासा. खरखरीत लागली तर पॉलिश पेपरने घासा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पट्ट्याचं आयुष्य वाढतं.

४. खांद्याला चिंध्या किंवा साधा स्पंज गुंडाळू नका. तो औषध पितो आणि कातडीला लावून ठेवतो. पाणी न शोषणारा ईव्हीए फोम वापरा.

५. बॅटरीच्या पंपात ॲसिड गळत असेल तर आधी ते बघा. ॲसिड नायलॉन खातं.

आता शिलाईचं

माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका ओळखीच्या भावाला पट्टा शिवून दिला. पट्टा उत्तम, दोरा सुती. दोन महिन्यांत पट्टा जसाच्या तसा, दोरा कुजला. भाऊ काही बोलले नाहीत, पण परत आलेही नाहीत. गिऱ्हाईक असंच जातं, न बोलता.

म्हणून पट्टी पॉलिस्टरची घ्या. ती उन्हात नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीनपेक्षा जास्त टिकते. दोराही जाड पॉलिस्टरचाच. कापलेलं टोक मेणबत्तीवर हलकं वितळवा, नाहीतर धागे सुटत जातात. शिलाई चौकोनात आणि मध्ये फुली. टाके फार जवळ घालू नका, सुईच्या भोकांनी पट्टाच कमजोर होतो. घरच्या मशीनवर १८ नंबरच्या सुईने पातळ पट्टीचे दोन थर निघतात. जाड थरांसाठी जबरदस्ती करू नका, मशीन बिघडेल. सुरुवातीला ते काम गावातल्या चर्मकार कारागिराकडून मजुरीवर करून घ्या.

आणि स्कुबाचा धडा विसरू नका : शक्य असेल तिथे शिवूच नका. जुने हुक तसेच ठेवून नवा अखंड पट्टा ओवता येतो का, ते आधी बघा.

द्यायच्या आधी तपासणी करा. तयार पट्ट्याला ४० किलोचं वजन रात्रभर टांगा. सकाळी टाके ताणलेले दिसले तर तो पट्टा गिऱ्हाइकाला जाणार नाही.

हिशेब मांडा

समजा, एका जोडीला पट्टी ४० रुपये, फोम ३०, बकल आणि दोरा २०. झाले ९०. तुमची ४० मिनिटांची मजुरी ६०. वीज, जाणं-येणं २०. खर्च १७०. विक्री २२० ला केली तर नफा ५०. आकडे तुमच्या बाजारातले घाला, पण मजुरीचा रकाना रिकामा ठेवू नका. आपले बहुतेक जण तिथेच फसतात. "घरचंच काम आहे" म्हणतात आणि वर्षाअखेर हातात काही उरत नाही.

हंगाम ओळखा. फवारणी जोरात असते जुलै ते ऑक्टोबर. तेव्हा पंप दुरुस्तीला कुणी सोडत नाही. म्हणून एप्रिल-मे मध्ये आठवडी बाजारात बसा, "पेरणीआधी पट्टा तपासा, तपासणी फुकट" असा फलक लावा. कृषी केंद्रावर दोन जोड्या नमुन्याला ठेवा. उरलेल्या महिन्यांत दप्तरं, पिशव्या, गाडीवर सामान बांधायचे पट्टे.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी आणि चर्मकार दोन्ही व्यवसाय आहेत. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्जाची सोय आहे.

एक लक्ष्मणरेषा

वणीकडच्या खाणीत किंवा उंचावर काम करणाऱ्यांचे सेफ्टी बेल्ट दुरुस्तीला आले तर हात जोडून परत करा. ते प्रमाणित असतात, खराब झाले की बदलायचे असतात, शिवायचे नसतात. शंभर रुपयांसाठी कुणाचा जीव आपल्या टाक्यावर टांगू नये. "हे काम मी करत नाही" असं सांगणाऱ्या कारागिरावर लोक जास्त विश्वास ठेवतात.

ताईंना मी हेच सांगितलं. मालवण कुठे पळून जात नाही. आधी आपल्या गल्लीतले दहा पंप बघा. त्यांनी लगेच विचारलं, "आणि दहाही चांगले निघाले तर?"

मी म्हटलं, "तर मला फोन करा, मी माझे शब्द मागे घेतो."

आठवड्याने फोन आला. दहापैकी सात पंपांचे पट्टे गेलेले होते. एका पंपाला तर पट्ट्याच्या जागी बैलाचा कासरा बांधला होता. तो त्यांच्याच घरचा होता.

आज घरी जाऊन तुमचा पंप खाली काढा, आणि पट्टा नखाने खरवडून बघा. धंद्याचं बाजार सर्वेक्षण तिथूनच सुरू होतं.